कुंचीचं साल

कार्डावर सालासाठी एकच रेघ होती, आणि सगळा घोटाळा त्या एका रेघेचा होता.

अकोल्याच्या छापखान्यातून तीनशे कार्डं छापून आली होती. वर ‘वस्तू’, त्याखाली ‘कोणाकडून’, त्याखाली ‘साल’, आणि सालापुढे बोटभर रेघ. चार आकडे लिहिले की संपली. गोदावरीबाईंनी पहिलं कार्ड हातात घेतलं तेव्हाच म्हटलं होतं, “अरे नारायण, इथे तीन रेघा हव्या होत्या. कापड कधी विणलं, कपडा कधी शिवला, आणि उसवून पुन्हा कधी शिवला.”

नारायणराव हसले होते. “काकू, लोक प्रदर्शन बघायला येतात. पंचांग वाचायला नाही.”

नारायणराव अकोल्याचे वकील. गोदावरीबाईंच्या थोरल्या दिरांचा मुलगा. वकिली बरी चालली, तशी त्यांना जुन्या वस्तू जमवायची हौस लागली आणि हौसेचं मंडळ झालं. मंडळाने एकसष्ट सालच्या माघात अकोल्यात जुन्या कपड्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मोर्शी, तिवसा, चांदूर बाजार, जिथून जे मिळेल ते अमरावतीला गोदावरीबाईंच्या दोन खोल्यांत येऊन पडायचं. कारण एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवून त्या घरी बसल्या होत्या, आणि कपडा उलटा करून त्याची कुळकथा सांगणारं दुसरं माणूस नारायणरावांना माहीत नव्हतं.

दीड महिना झाला. एक्केचाळीस कपडे तपासून झाले आणि त्यांत धड जन्माला आल्यासारखा एक निघाला नाही. या मुलखात जुनं कापड जुनं राहील तर शपथ! शेला फाटला की त्याच्या चोळ्या, चोळी विटली की तिचं टोपडं, टोपडं आखूड झालं की त्याचा बटवा. पैठणीचा काठ तिसऱ्या परकराला लागलेला, तो परकर दुसऱ्या लुगड्याचा, आणि लुगडं कुणाचं ते सांगणारी म्हातारी गेल्याच वर्षी वारलेली. देणारे लोक मात्र हातावर हात मारून सांगायचे, “शंभर वर्षांचं आहे हो!” कुणाचं दीडशे, कुणाचं दोनशे. आपल्या घरचं कापड साठ वर्षांचं आहे असं सांगणारा एक माईचा पूत भेटला नाही. गोदावरीबाईंचं डोकं संध्याकाळपर्यंत ठणकायला लागायचं.

शेवटी त्यांनी एक नियम केला आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढला. कपडा त्याच्या कापडाएवढा जुना नसतो. ज्या टाक्यांवाचून तो उभाच राहिला नसता, त्यांतल्या सगळ्यांत नव्या टाक्याएवढा तो जुना. मागाहून घातलेलं ठिगळ, रफू, डागडुजी त्यात धरायची नाही. नारायणरावांना हा नियम फार आवडला. दर रविवारी ते अकोल्याहून यायचे तेव्हा खुर्चीत बसून मोठ्याने वाचायचे. “याला म्हणतात पुरावा,” म्हणायचे.

नियमाचा पहिला तडाखा बसला तो भगवंतरावांना.

भगवंतराव चांदूर बाजारकडचे शेतकरी. काळी जमीन, सात पिढ्यांचं घर. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला अंगरखा त्यांनी असा काही पुढे ठेवला की गोदावरीबाईंना आधी नमस्कार करावा लागतो की काय असं वाटलं.

“हा आमच्या खापरपणज्याचा, सूर्यभानजीचा अंगरखा हाय,” ते म्हणाले. “आडगावच्या लढाईत आंगावर होता त्याईच्या. अठराशे तीन. लिहा.”

गोदावरीबाईंनी लिहिलं नाही. अंगरखा उलटा केला. बगलेच्या शिवणीत आत दडपलेला लुगड्याचा काठ निघाला, हातभर. पाठीवर दोन जागी कापड विरलं होतं, कासोटा घासतो नेमकं तसं. त्यांनी कापडाचा एक धागा चिमट्यात धरून समईवर जाळला. केस जळल्याचा वास आला. म्हणजे रेशीम खरं. मग शिवणीचा दोरा ओढला. तो रिळाचा, सुती, आणि टीप मशीनची.

“भाऊ, कापड जुनं आहे,” त्या म्हणाल्या. “फार जुनं आहे. पण ते बाईचं लुगडं होतं. त्याचा अंगरखा केला तो फार तर साठ वर्षांमागे. शिवण्याचं मशीन काही आडगावच्या लढाईत नव्हतं.”

भगवंतरावांच्या मानेची शीर फुगली. “म्हंजे आमचा खापरपणजा बाईचं लुगडं घालून लढला म्हनता का तुमी?”

“लढले असतील हो. पण यात नाही.”

“काहून नाई? माया बापानं सांगतलं मले! माया बाप काय खोटं बोलून राह्यला होता?”

नारायणराव तिथेच बसले होते. त्यांनी वकिली आवाज काढला. “भगवंतराव, वडिलांचा मान वेगळा, पुरावा वेगळा. नियम म्हणजे नियम. उद्या मी माझ्या घरची वस्तू आणली तरी तिला हाच लागेल.”

भगवंतरावांनी अंगरखा पुन्हा फडक्यात गुंडाळला. इतक्या सावकाश की त्यांच्या रागापेक्षा ते सावकाशपणच गोदावरीबाईंना लागलं. दारात वहाणा घालताना ते म्हणाले, “तुमचं साल तुमच्यापाशीच ठेवा. अन् बाई, तुमच्या घरचं कापड येक डाव असं उसवून पाहा. मंग समजंन.”

तो माणूस वाईट नव्हता. लुगडं कुणाचं होतं, सूर्यभानाच्या बायकोचं होतं का, हे त्याला विचारायला हवं होतं. पण एका रेघेच्या कार्डात तिला तरी कुठे बसवणार होत्या त्या!

पुढच्या रविवारी नारायणराव पत्र्याची छोटी पेटी घेऊन आले. चेहऱ्यावर सणाची कळा.

“काकू, प्रदर्शनाची मुख्य वस्तू आणली. आईने आजवर बारशाशिवाय ट्रंकेबाहेर काढू दिली नव्हती. पणजोबा वामनशास्त्र्यांच्या बारशाची कुंची. अठराशे एकतीस. मला घातली, माझ्या सगळ्या भावंडांना घातली, माझ्या मुलांना घातली. आता अनुपमा बाळंतपणाला आलीये, चैत्रात तिच्या बाळालाही हीच घालायची. तोवर लोकांना बघू दे.”

आणि त्यांनी ती टेबलावर पसरली. डाळिंबी शालूची कुंची, पाठीवर रुळणारी, डोक्याला टोकदार टोपडं, बारीक कोयऱ्यांचे बुट्टे.

गोदावरीबाई खुर्चीत बसल्या.

डाव्या खांद्याखाली एक कोयरी उलटी होती. शंभर कोयऱ्या देठ खाली करून उभ्या, ही एक देठ वर करून. विणकराची चूक. ती कोयरी गोदावरीबाईंना आपल्या हाताच्या तिळासारखी माहीत होती. तेराव्या वर्षी अंतरपाटामागे उभं असताना, मान वर करायची नाही म्हणून त्यांनी आपल्याच शालूवरच्या कोयऱ्या मोजल्या होत्या, आणि मोजताना ही सापडली होती. एवढ्या मंगलाष्टकांत त्यांना हसू आलं होतं. पलीकडून कुणीतरी हळूच विचारलं होतं, “काय झालं?” तो त्यांच्या नवऱ्याचा पहिला शब्द.

तीन वर्षांनी तो नवरा तापाने गेला. शालू सासूबाईंच्या ट्रंकेत गेला आणि गोदावरीच्या अंगावर पांढरं आलं. त्याच्या पुढच्या वर्षी थोरल्या जाऊबाईंना, दुर्गाबाईंना, मुलगा झाला. आधीची दोन मुलं वर्षाची व्हायच्या आत गेली होती. तिसऱ्याला नवं कापड लावायचं नाही, काळाची नजर चुकवायची, जुनंच वापरायचं, असं ठरलं. आता जुनं आणि तेही बारशाला शोभेलसं रेशीम घरात एकच होतं. अकराव्या दिवशी दुपारी सासूबाईंनी तो शालू गोदावरीपुढे टाकला आणि कात्री दिली. “तुझा हात बरा आहे. कुंची शीव. आणि बाहेर बोलायचं नाही. विधवेच्या शालूची म्हटली तर लोक तोंडात शेण घालतील. मामंजींची कुंची म्हणायचं.”

सतरा वर्षांच्या पोरीने आपला शालू आपल्या हाताने कापला. एका टोकाला लग्नगाठीचा कोपरा होता. नवऱ्याच्या उपरण्याशी बांधला होता तो, हळदीने पिवळा झालेला, चुण्या अजून न मोडलेला. तो कापवेना. सासूबाईंनी तो स्वतः कापला आणि बाळंतिणीच्या खोलीत नेऊन म्हणाल्या, “शेगडीत टाक गं हा. अवलक्षण.” थोड्या वेळाने दाराच्या फटीतून वास आला. केस जळल्यासारखा. रेशीम जळलं की कसा वास येतो हे गोदावरीबाई त्या दिवशी शिकल्या. पुढे एकतीस वर्षं मुलींना शिकवत राहिल्या.

बारशाला त्यांना पाळण्यापाशी येऊ दिलं नाही. सवाष्णींचं काम. त्या न्हाणीजवळ नारळ खवत बसल्या होत्या. दोन आठवड्यांनी भाऊ येऊन त्यांना अमरावतीला घेऊन गेला आणि ती कुंची त्यांनी पुन्हा पाहिली नाही. आज चव्वेचाळीस वर्षांनी ती त्यांच्या टेबलावर होती आणि समोर बसून पन्नाशीकडे झुकलेलं तेच बाळ चहा फुंकत होतं.

“घाई नाही काकू,” नारायणराव म्हणाले. “नियमाप्रमाणे तपासा. पुढच्या रविवारी कार्ड लिहू.”

गोदावरीबाईंनी नियमाप्रमाणेच तपासली. हट्टाने. आपल्याला ठाऊक आहे म्हणून लिहिलं, असं कुणी म्हणायला नको. वहीत लिहिलं: कापड बनारसी, डाळिंबी. अस्तर गिरणीचं, आत छापाची निळी पुसट कड. दोरा लाल, रिळाचा. टाके हाताचे, नवशिके, तीन बारीक मग एक लांब. आणि शेवटी: टोपड्याचं टोक उसवून काळ्या दोऱ्याने पुन्हा शिवलेलं, टाके ओबडधोबड, आत जाडसर लागतं, बहुधा ठिगळ. नंतरची दुरुस्ती. साल १९१७.

त्या काळ्या टाक्यांचा त्यांना रागच आला. कोण्या नवख्या सुनेने पुढे कधीतरी फाटलेलं टोक चांभारासारखं आवळलं होतं.

रविवारी नारायणरावांनी वही वाचली. एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“एकोणीसशे सतरा? काकू, हे माझ्या जन्माचं साल आहे.”

“हो. तुझ्याच बारशासाठी शिवली ती.”

“अस्तर मागाहून लावलं असेल.”

“अस्तर आणि वरचं कापड एकाच दोऱ्याने शिवलंय. आधीच्या शिवणीची भोकंच नाहीत कापडाला.”

“मग आधीची शिवण याच भोकांतून गेली असेल.” नारायणराव आता खुर्चीत पुढे सरकले होते. कोर्टात सरकत असावेत तसे. “आणि तुम्हीच लिहिलंय ना, टोकाचे टाके म्हणजे नंतरची दुरुस्ती? म्हणजे दुरुस्ती झाली हे तुम्हाला मान्य. एक दुरुस्ती झाली तर दुसरी का नाही? अख्खी कुंचीच एकोणीसशे सतरात दुरुस्त केली असेल. मूळची अठराशे एकतीसचीच.”

गोदावरीबाईंना वाटलं, वही घ्यावी आणि याच्या टाळक्यात घालावी. त्यांचाच नियम, त्यांचंच वाक्य, आणि त्यांच्याच अंगावर सोडलेलं! आणि बोलायला जागाही नव्हती. टाक्यातून दिसतं ते दिसतं. ज्याला बघायचंच नाही त्याला काय डोंबल दाखवणार?

“आणि भगवंतराव?” त्या म्हणाल्या. “त्याला हाकललंस तेव्हा नियम म्हणजे नियम होता. शेतकऱ्याला एक कायदा आणि वकिलाला दुसरा?”

“तिथे मशीनची टीप होती. इथे हाताचे टाके आहेत.”

“माझ्या हाताचे आहेत!” गोदावरीबाई ओरडल्या. आयुष्यात वर्गातसुद्धा ओरडल्या नव्हत्या त्या. “माझ्या हाताचे आहेत नारायण. आणि शालू माझा आहे. माझ्या लग्नातला. ती उलटी कोयरी बघ.”

नारायणरावांनी कोयरी बघितली. मग कुंचीकडे बघायचं टाळून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

“काकू,” ते हळू आवाजात म्हणाले, “आईने कधी असं सांगितलं नाही. तुम्ही तेव्हा सतरा वर्षांच्या होतात. दुःखात होतात. माणसाची आठवणही कधीकधी...”

“उसवून पुन्हा शिवलेली असते, असंच ना?”

“तसं नाही. पण धरून चाला, खरं आहे. मी कार्डावर काय लिहू? विधवेच्या... माफ करा. अनुपमाला आठवा चालू आहे. तिच्या सासरचे लोक उद्घाटनाला येणार. ते ही कुंची बाळाला घालू देतील? जी कुंची आज देव्हाऱ्यासारखी जपतो ती उद्या बोहारणीला जाईल. तुम्हाला ते हवंय का?”

खरं लिहावं तर शालू घरातून जातो, खोटं लिहावं तर गोदावरी जाते. हा मुलगा वाईट नव्हता. नुसता घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या वकिलापुढे कुणाचं काही चालत नाही. गोदावरीबाईंनी कार्डं त्याच्याकडे सरकवली. “तू लिही. मी लिहिणार नाही.”

नारायणरावांनी लिहिलं. वळणदार अक्षरात.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी गोदावरीबाई जाणार नव्हत्या, पण न जाऊन करतात काय. इतर चाळीस कपडे होते, आणि कार्यकर्ते नवखे. परकराला चोळीचं कार्ड लावून मोकळे झाले असते. सकाळच्या एसटीने मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला पोचेपर्यंत कंबर धरली. शाळेच्या सभागृहात टेबलं मांडली होती आणि बरोब्बर मध्ये काचेच्या पेटीत कुंची. कार्ड उभं करून ठेवलेलं. ‘कुंची. कै. वामनशास्त्री यांच्या बारशाची. साल १८३१.’

त्यांनी चाळीस कपडे लावले. त्या पेटीकडे पाठ करून लावले.

उद्घाटन पाचला होतं. तीनच्या सुमाराला टांगा आला आणि नारायणराव आईला धरून आत घेऊन आले. दुर्गाबाई सहासष्टच्या, कंबरेत वाकलेल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना मधल्या खुर्चीवर बसवून नारायणराव पाहुण्यांच्या हारतुऱ्यांचं बघायला दाराकडे गेले.

“गोदे, आहेस का इथे?” दुर्गाबाईंनी विचारलं.

“आहे, जाऊबाई.”

“कुंची कुठे ठेवली?”

“तुमच्या समोर. काचेत.”

म्हातारीने हात पुढे करून काच चाचपली. “मला काही दिसत नाही बाई. आणि दिसलं असतं तरी वाचता कुठे येतं! काय लिहून ठेवलंय त्याने कार्डावर? वाच.”

गोदावरीबाईंनी कार्डाकडे बघितलं. नारायणरावांचं ते वळणदार अक्षर. महिनाभर साठलेल्या संतापाने त्यांनी वाचायला सुरुवात केली, एकेक शब्द सुटा करून, वर्गाला शुद्धलेखन घालावं तसं.

“‘कुंची. गोदावरीच्या लग्नातल्या शालूची. शिवणारीही गोदावरीच. साल एकोणीसशे सतरा.’”

नारायणराव हार हातात घेऊन परत येत होते. ते जागच्या जागी थांबले.

दुर्गाबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढंच लिहिलं?”

“एवढंच.”

“मग अर्धं लिहिलं. टोकाचे टाके माझे आहेत.”

गोदावरीबाईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “तुम्ही कुठे हो सुई धरायचात?”

“कुठे धरायची! म्हणून तर तसे आले. बाळंतिणीच्या खोलीत दोरा तरी कुठला! बाळाच्या मनगटाला बांधायचा काळा दोरा होता उशाशी, तोच घेतला.” म्हातारीने काचेवरून हात फिरवला. “सासूबाईंनी तुझ्या गाठीचा कोपरा माझ्या हातात दिला. म्हणाल्या शेगडीत टाक. कसा टाकू? दोन लेकरं पोचवून बसले होते मी. गेलेल्या माणसाची एवढीशी वस्तू राहिली तर माणूस किती जपतं, ते मला विचार. वेणी घालताना निघालेलं माझं गुंतवळ होतं कोनाड्यात, ते टाकलं शेगडीत. वास तोच येतो. सासूबाई नाकाला पदर लावून निघून गेल्या. रात्र व्हायच्या आत मी तुझं टोक उसवलं, कोपरा आत घातला आणि जमेल तसं शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी बारशाला तुला पाळण्यापाशी येऊ दिलं नाही. म्हटलं, नाही तर नाही. तुमची दोघांची गाठ आहे त्याच्या डोक्यावर.”

सभागृहात कुठेतरी खुर्च्या सरकत होत्या. नारायणरावांच्या हातातला हार खाली लोंबत होता.

“आई,” ते म्हणाले, “मग पणजोबांची कुंची...”

“सासूबाईंनी म्हणायला लावलं, मी म्हणत गेले. त्या जाऊन सत्तावीस वर्षं झाली तरी माझी जीभ काही सरळ झाली नाही. तू जगलास तो या कुंचीत जगलास. नंतरची सगळी यातच वाढली, एकाच्या नखाला धक्का लागला नाही. अनुपमाच्या लेकराला हीच घालायची. ज्याला विटाळ वाटेल त्याने बारशाला येऊ नये.”

गोदावरीबाईंचे डोळे भरून आले होते, पण आधी आला तो रागच. “चव्वेचाळीस वर्षं! चव्वेचाळीस वर्षं मी तो जळला म्हणून रडले. आणि तुम्हाला एकदा सांगवलं नाही? एक पोस्टकार्ड नाही?”

“मला लिहिता येतं का गोदे?” दुर्गाबाई म्हणाल्या. “आणि दुसऱ्याकडून काय लिहून घेणार होते, हे?”

भेटी झाल्या त्या लग्नामुंजीत, पाच माणसांत, आणि गोदावरीबाई तिथेही कुठेतरी मागे नारळ खवत बसलेल्या. कुणाचं चुकलं ते आता कुणाकडे मागायचं? त्यांनी काचेचं झाकण उघडलं, आत हात घातला आणि टोपड्याचं टोक दोन बोटांत धरलं. आत जाडसर लागलं. दोन पदरी घडी, आणि घडीच्या आत चुण्या. शिवणाच्या बाई म्हणून आयुष्य गेलं आणि आपल्याच लग्नाची गाठ बोटाला लागली तेव्हा त्या ‘ठिगळ’ लिहून मोकळ्या झाल्या होत्या.

“उसवून बघायचं का काकू?” नारायणरावांनी विचारलं. आवाजात वकील नव्हता.

“हात लावशील तर याद राख.”

नारायणरावांनी हार टेबलावर ठेवला. पेटीतलं कार्ड उचललं, चौघडी करून कोटाच्या खिशात घातलं. दुसरं कार्ड काढलं, पेन उघडलं, आणि त्या बोटभर रेघेकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात दाराशी मोटार वाजली, पाहुणे आले, आणि लिहायचं राहून गेलं. अनुपमाच्या सासरच्यांनी ही कुणाची म्हणून विचारलं तेव्हा दुर्गाबाईंनीच सांगितलं, जरा मोठ्यानेच. प्रदर्शनाचे तिन्ही दिवस कुंची कार्डाशिवाय राहिली.

उद्घाटनाची भाषणं चालली होती तेव्हा गोदावरीबाई जाऊबाईंशेजारी मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून वही काढली. सकाळीच भगवंतरावांना पत्र लिहायचं म्हणून टिपून ठेवलं होतं, लुगडं कुणाचं ते विचारायला. ते पान त्यांनी उलटलं. कुंचीचं पान काढलं. ‘नंतरची दुरुस्ती’ हे दोन शब्द खोडले आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: दुसरा हात. दुर्गाबाई. त्याच दिवशीचा.